कै. डॉ. पंजाबराव देशमुख आणि वऱ्हाडातील धनिकवर्ग

अमरावती जिल्ह्यातील पापळ हे गाव आज नांदगाव खंडेश्वर तालुक्यात मोडते. या गावी २७ डिसेंबर १८९८ रोजी शामराव व राधाबाई या दांपत्याच्या पोटी पंजाबरावांचा जन्म झाला. घराण्याचे मूळ आडनाव कदम. देशमुख हे नाव वतनामुळे आलेले. नाव मोठे होते, परंतु त्या नावामागची सत्ता तोवर उरली नव्हती आणि घरचा सारा भार शेतीवर होता. मूल वर्षाचे होते न होते तोच, जाणती माणसे ज्याला छप्पनचा दुष्काळ म्हणत, तो १८९९-१९०० चा घोर दुष्काळ वऱ्हाडावर कोसळला.

पंजाबरावांचे चरित्र आमच्या मुलखातील शाळांतून पुष्कळदा सांगितले जाते. त्यांच्या जयंतीस सभा होतात, पुतळ्यास हार पडतात आणि विद्यार्थी तारखा पाठ करून भाषणे देतात. त्या तारखा आम्हीही देणार आहो. परंतु आमचा हेतू थोडा निराळा आहे. एखाद्या मुलखात श्रीमंत व वजनदार कोण असतात, ते कशाच्या बळावर तसे होतात, आणि परकी सत्ता जाऊन स्वतःचे राज्य आले म्हणजे त्यांच्या जागी दुसरे कोण बसतात, हा प्रश्न शाळेच्या इतिहासात क्वचितच विचारला जातो. घरी मात्र तो रोज निघतो. कोणाची जमीन कोणाकडे गेली, कोणाचा मुलगा कोणत्या संस्थेचा अध्यक्ष झाला, या गोष्टी आमच्या विद्यार्थ्यांनी ओट्यावर बसून ऐकलेल्याच असतील. वऱ्हाडापुरता हा प्रश्न समजून घ्यावयाचा तर पंजाबरावांच्या आयुष्याइतके चांगले साधन आम्हांस दुसरे दिसत नाही.

प्रथम जुनी घडी पाहू. निजामाच्या अमलात परगण्याचा वसूल देशमुख-देशपांड्यांच्या हातून व गावचा वसूल पाटलाच्या हातून होई. मान, जमीन व सत्ता ही तिन्ही त्यांच्याच घरी नांदत. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिले. पुढे १८६० नंतरच्या दशकात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर मोजणी होऊन शेताशेताचा सारा ठरला, आणि जो सारा भरील तो खातेदार त्या शेताचा कब्जेदार ठरला. सरकार व शेतकरी यांच्यामध्ये आता देशमुखाची गरज राहिली नाही. खातेदाराला जमीन विकण्याचा व गहाण टाकण्याचा हक्क मिळाला. हा हक्क लहान नव्हता. पण ज्या वस्तूवर कर्ज मिळते ती वस्तू कर्जात जाऊही शकते, हे शेतकऱ्यास मागाहून कळले.

त्याच सुमारास कापसाचे दिवस आले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालले होते व तेथील कापूस इंग्लंडातील गिरण्यांस मिळेना. तेव्हा त्या गिरण्यांची नजर वऱ्हाडच्या काळ्या मातीवर गेली. भाव चढले. १८६७ पर्यंत आगगाडी वऱ्हाड ओलांडून नागपुरास पोहोचली, आणि १८७० साली खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांनी खामगावचा कापसाचा बाजार व तेथवरचा रेल्वेफाटा खुला केला. एका खेडवळ पिकासाठी देशाच्या सर्वोच्च अधिकाऱ्याने इतक्या दूर यावे, यावरून त्या काळी कपाशीचे काय मोल होते हे कळून येईल.

येथे आम्ही वाचकांस क्षणभर मिसर देशात नेऊ इच्छितो. त्याच युद्धामुळे नाईल नदीकाठच्या कापसालाही तसाच भाव आला होता. परंतु तेथे त्या पैशातून मोठमोठे जमीनदार पाशा निर्माण झाले, त्यांनी हजारो एकर जमिनी बाळगल्या, आणि १९५२ च्या राज्यक्रांतीनंतर नव्या सरकारने एका मालकास दोनशे फेद्दान, म्हणजे सुमारे दोनशे एकर, ही मर्यादा घालीपर्यंत त्यांचे वर्चस्व टिकले. वऱ्हाडात जमिनीचे कब्जेदार गावोगावचे खातेदार होते, म्हणून असे पाशा झाले नाहीत. येथे पैसा जमिनीच्या मालकाकडे न साठता, त्या मालकाला पेरणीच्या वेळी पैसे देणाऱ्याकडे व वेचणीनंतर त्याचा माल घेणाऱ्याकडे साठला. पीक एकच, भावाची तेजी एकच, परंतु मोजणीखात्याच्या कागदांत फरक असल्यामुळे दोन देशांतले धनिक निराळे निपजले. आम्हांस ही गोष्ट फार बोलकी वाटते.

तर वऱ्हाडातील नवे धनिक कोण? राजपुतान्याकडून आलेले मारवाडी सावकार, गुजराती व कच्छी व्यापारी, मुंबईच्या पेढ्यांचे अडते, जिन-प्रेसचे मालक. सावकारी एकाच जातीची होती असे मात्र कोणी समजू नये. गाठीस चार पैसे असलेला पाटीलही शेजाऱ्याचे शेत गहाण घेई व ते सोडीत नसे. मृगात बियाण्यासाठी व बैलजोडीसाठी पैसे घ्यावयाचे, धान्य घेतल्यास सवाईने वा दिडीने परत करावयाचे, आणि सीतादही करून वेचणी सुरू झाली की पहिल्या बंड्या सावकाराच्या ओळखीच्या अडत्याकडे हाकावयाच्या, असा तो क्रम होता. हिशेबाची वही एकाच्या घरी असे व वाचता येणाराही तोच असे. अंगठा उठविणाऱ्यास गहाणखत कोणते व खरेदीखत कोणते हे कळत नसे; कळले तरी मुदत टळल्यावर त्याचा उपयोग नसे. श्रीगाडगेमहाराज ज्या घरी वाढले त्या त्यांच्या मामाची दापुऱ्याची जमीन अशाच व्यवहारात सावकाराकडे गेली, हे त्यांच्या चरित्रातून आमच्या वाचकांस ठाऊक असेलच.

या धनिकांच्या शेजारी आणखी एक वर्ग उभा राहिला तो वकिलांचा. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे, रंगनाथ नरसिंह मुधोळकर, मोरोपंत जोशी ही नावे सर्व हिंदुस्थानात गाजली. १८९७ सालचे काँग्रेसचे अधिवेशन अमरावतीस भरले, आणि मुधोळकर १९१२ साली बांकीपूरच्या अधिवेशनाचे अध्यक्ष झाले. त्यांच्या देशसेवेविषयी आमच्या मनात आदर आहे. तथापि कोर्टाची भाषा जाणणारा वर्ग आणि कोर्टात जमीन घालवून बसणारा वर्ग हे निरनिराळे होते, आणि पहिल्या वर्गात शिरण्याची वाट शाळेतून जात होती. ती शाळा खेड्यात नव्हती.

बाजाराचीही तीच गत. हिंदुस्थानातील पहिला नियंत्रित कापूसबाजार म्हणून ज्याचे नाव घेतात तो १८८६ साली कारंज्यास स्थापन झाला, आणि १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजारांचा स्वतंत्र कायदा झाला. देशात असा कायदा पूर्वी नव्हता. वजने-मापे, दलाली, फी यांना नियम आला हे चांगले झाले. पण बाजार चालविणाऱ्या समितीत जागा व्यापाऱ्यांस व नगरपालिकेस होत्या. पीक काढणारा तेथे माल घेऊन येई, समितीत बसत नसे.

कारंज्याचा उल्लेख आम्ही मुद्दाम केला, कारण पंजाबराव काही काळ तेथेच शिकत होते. पापळला तिसरीपर्यंतच शाळा. चौथीसाठी चांदूर रेल्वे, पुढे कारंजा, आणि नंतर अमरावतीचे हिंदू हायस्कूल, असा त्यांचा प्रवास झाला. मॅट्रिक होऊन ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गेले आणि तेथला अभ्यासक्रम पुरा होण्यापूर्वीच १९२० साली विलायतेस निघाले. खर्चासाठी घरची जमीन गहाण टाकावी लागली. म्हणजे ज्या गहाणखताविरुद्ध हा मनुष्य पुढे कायदा करणार होता, त्याच्याच पैशावर तो बोटीत चढला! शामरावांनी हा जुगार खेळला नसता तर पुढचे काहीच घडले नसते, आणि तो फसला असता तर पापळातील आणखी एक घर भूमिहीन झाले असते. मुलाच्या शिक्षणासाठी जे पालक आजही शेत विकतात अथवा कर्ज काढतात, त्यांना शामरावांच्या जिवाची घालमेल निराळी समजावून सांगण्याची गरज नाही.

एडिंबरो येथे त्यांनी संस्कृत विषय घेऊन एम. ए. ची पदवी मिळविली, शिष्यवृत्ती मिळविली, बॅरिस्टरीचा अभ्यास केला, आणि ऑक्सफर्ड विद्यापीठात वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम व विकास या विषयावर प्रबंध लिहून डॉक्टर ही पदवी संपादन केली. कुणब्याच्या मुलाने वेदांचा अभ्यास करून त्यावर ऑक्सफर्डची मोहोर उमटवून आणावी, याचा अर्थ त्या काळच्या वऱ्हाडात सर्वांना न सांगता समजला. तो प्रबंध पुढे पुस्तकरूपाने प्रसिद्धही झाला.

१९२६ साली ते परत आले व अमरावतीस वकिली करू लागले. बॅरिस्टर म्हणून त्यांना पैसा मिळविता आला असता व सावकारांच्या फिर्यादी चालवून तर लवकर मिळविता आला असता. त्यांनी ती वाट धरली नाही. दुसऱ्याच वर्षी त्यांनी शेतकरी संघ काढला व ‘महाराष्ट्र केसरी’ हे वृत्तपत्र चालविले. त्याच सुमारास सर्व जातींच्या मुलांनी एकत्र राहावे म्हणून स्वामी श्रद्धानंदांच्या नावाने अमरावतीस छात्रालय उघडले. १९२७ मध्येच मुंबईच्या विमलाबाई वैद्य यांच्याशी त्यांचा विवाह झाला. वधू सोनार समाजातील होती. असा मिश्रविवाह त्या काळी पुढाऱ्यासही महाग पडे. विमलाबाईंनी विवाहानंतर पदवी व वकिलीचे शिक्षण पुरे केले आणि पुढे त्या राज्यसभेच्या सभासद झाल्या, हे आमच्या विद्यार्थिनींनी ध्यानात ठेवावे. अमरावतीच्या अंबादेवीच्या मंदिरात अस्पृश्य मानलेल्यांस प्रवेश मिळावा म्हणून जो लढा झाला त्यात पंजाबराव त्यांच्या बाजूस उभे होते.

१९२८ साली ते जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले. त्यांनी सार्वजनिक विहिरी सर्वांस मोकळ्या केल्या, आणि प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्यासाठी कर वाढविला. कर वाढविणारा पुढारी लोकांस आवडत नाही. हा कर ज्यांच्यावर बसला त्यांत त्यांचे मतदारच होते. तरी त्यांनी तो बसविला, यात त्यांची दृष्टी दिसते. सावकाराची वही वाचता येईल असा एक तरी मनुष्य प्रत्येक घरात झाला म्हणजे अर्धे काम झाले, असा त्यांचा हिशेब असावा.

१९३० साली ते मध्यप्रांत-वऱ्हाडच्या कायदेमंडळात निवडून आले आणि नागपुरास मंत्री झाले. शिक्षण व शेती ही खाती त्यांच्याकडे होती. ही गोष्ट त्यांच्या भक्तांस थोडी अडचणीची वाटते. त्याच वर्षी लोकनायक अण्यांनी पुसदला जंगल-सत्याग्रह केला, अकोला जिल्ह्यात दहीहंड्यास मिठाचा सत्याग्रह झाला, माणसे तुरुंगात गेली. आणि पंजाबराव सरकारी मंत्रिपदावर बसले. मतदानाचा हक्कही तेव्हा सारा व कर भरणाऱ्या थोड्यांनाच होता. आम्ही हे झाकून ठेवू इच्छित नाही. ब्राह्मणेतर चळवळीतील अनेकांप्रमाणे त्यांचेही मत असे होते की, स्वराज्य येण्यापूर्वी शेतकऱ्याच्या हाती काही पडले नाही तर स्वराज्यातही त्याच्या हाती काही पडणार नाही. हे मत बरोबर की चूक याचा निर्णय वाचकांनी पुढची हकीगत वाचून करावा.

कारण त्यांच्या मंत्रिपदाच्या काळात जागतिक मंदीने कापसाचा भाव कोसळला होता. दहा वर्षांपूर्वी चढ्या भावात काढलेले कर्ज तेवढेच राहिले, व्याज वाढत गेले, आणि ते फेडण्यासाठी लागणारा कापूस दुपटीने अधिक झाला. अशा वेळी १९३३ साली मध्यप्रांताचा कर्ज-तडजोड कायदा संमत झाला, व त्याच्यामागे पंजाबरावांचा मोठा हात होता. या कायद्याची रीत अशी. ऋणको शेतकऱ्याने किंवा धनकोने मंडळाकडे अर्ज करावयाचा. मंडळाने सर्व धनकोंस बोलावून आपापल्या मागण्या व कागद पुढे आणावयास लावावयाचे. मूळ मुद्दल किती, व्याज किती, प्रत्यक्ष दिले किती हे तपासावयाचे. आणि शेतकऱ्यास झेपेल अशा रकमेवर व हप्त्यांवर उभयतांची तडजोड घडवून आणावयाची. कोणी सावकार वाजवी तडजोड हट्टाने नाकारू लागला तर मंडळ तसा दाखला देई, मग कोर्टात त्याच्या खर्चाला व व्याजाला आळा बसे. जप्तीची तलवार थोडा वेळ तरी वर टांगून राहिली. पुढच्याच वर्षी, १९३४ साली, सावकारांच्या हिशेबावर बंधने घालणारा निराळा कायदाही प्रांतात झाला. हिंदुस्थानातील इतर प्रांतांनी या तडजोड मंडळांचे पुढे अनुकरण केले.

जुन्या धनिकवर्गाच्या मुळावर घाव पडला तो येथे. लाठी नाही, दंगा नाही. वही उघडून सर्वांसमक्ष वाचावयास लावली, येवढेच. परंतु या औषधाचे पथ्य कोणी सांभाळले नाही. तडजोड झालेल्या कुळास पुढच्या पेरणीला पैसे देण्यास सावकार नाखूष असे, आणि त्याची जागा घेईल इतके बळ त्या वेळच्या सहकारी पतपेढ्यांत नव्हते. शिवाय ज्याच्यापाशी गहाण टाकावयास जमीनच नाही त्या सालदाराला आणि कापूस वेचणाऱ्या बाईला या मंडळाचा काय उपयोग? खातेदार वाचला, खाते नसलेला जेथे होता तेथेच राहिला. या फटीतून पुढे काय काय वाढले ते आपण पाहूच.

१९३३ साली त्यांनी मंत्रिपद सोडले. त्याआधीच, १९३२ साली, अमरावतीस श्रीशिवाजी शिक्षण संस्था स्थापन झाली होती. आमच्या मते पंजाबरावांचे सर्वांत टिकाऊ काम हेच. खेड्यापाड्यांतून शाळा निघाल्या, वसतिगृहे निघाली, पुढे कला, विज्ञान, कृषी, अभियांत्रिकी, वैद्यक यांची महाविद्यालये झाली. आज या संस्थेची विद्यालये-महाविद्यालये दोनशेहून अधिक आहेत. ज्यांच्या आजोबांनी अंगठा उठविला त्यांचे नातू मास्तर, तलाठी, डॉक्टर, इंजिनियर, आमदार झाले. एखाद्या वर्गाची उन्नती म्हणतात ती प्रत्यक्षात अशी, एका पिढीच्या फीच्या पावत्यांतून व वसतिगृहातल्या झुणका-भाकरीतून होत असते.

घटना-समितीचे सभासद म्हणूनही त्यांनी शेतकऱ्यांचा व मागासलेल्या जातींचा पक्ष मांडला; सरकारी नोकऱ्यांत त्यांस वाटा मिळावा म्हणून ते भांडले. १९५२ साली अमरावतीतून ते लोकसभेवर निवडून आले, आणि तेव्हापासून १९६२ पर्यंत केंद्र सरकारात शेतीखात्याचे मंत्री होते. जपानी पद्धतीच्या भातलागवडीचा प्रसार, १९५५ साली स्थापन झालेला भारत कृषक समाज, आणि १९५९ च्या डिसेंबरात दिल्लीस भरलेले जागतिक कृषिप्रदर्शन ही त्या काळातील त्यांची ठळक कामे. प्रदर्शनाच्या उद्घाटनाला अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर उपस्थित होते. ज्या देशाच्या युद्धामुळे वऱ्हाडात कापसाचा सुकाळ झाला त्या देशाचा अध्यक्ष आणि पापळच्या शेतकऱ्याचा मुलगा एका मंडपात आले, हा योग आम्हांस गमतीचा वाटतो. १० एप्रिल १९६५ रोजी दिल्लीस पंजाबरावांचे देहावसान झाले. १९६९ साली अकोल्यास कृषी विद्यापीठ स्थापन झाले, त्याला त्यांचेच नाव आहे.

आता आमच्या मूळ प्रश्नाकडे वळू. परकी सत्ता गेली, वऱ्हाड १९५६ साली मुंबई राज्यात व १९६० साली महाराष्ट्रात आला, १९६१ च्या कायद्याने जमिनीवर कमाल मर्यादा बसली, १९६२ साली जिल्हा परिषदा सुरू झाल्या. सावकार-वकिलांच्या खुर्च्या रिकाम्या झाल्या नसल्या तरी त्यांच्या शेजारी नव्या खुर्च्या मांडल्या गेल्या, व त्यांवर शिकलेला कास्तकार बसला. जिल्हा मध्यवर्ती बँकेचा संचालक, बाजार समितीचा सभापती, जिल्हा परिषदेचा अध्यक्ष, शिक्षणसंस्थेचा कार्यवाह: हा आमचा स्वातंत्र्योत्तर वरचा वर्ग. १८९७ च्या बाजार समितीत ज्याला जागा नव्हती तोच आता समितीचा धनी झाला. हे पंजाबरावांच्या पिढीचे यश आहे व ते लहान नाही.

परंतु पश्चिम महाराष्ट्रातील नव्या वर्गाशी तुलना केली म्हणजे एक फरक डोळ्यांत भरतो. प्रवरानगरास १९५० साली शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि त्याच्या मागोमाग तसे अनेक निघाले. ऊस तोडल्यावर लवकर गाळला नाही तर त्यातली साखर घटते. म्हणून कारखाना उसाच्या रानातच असावा लागतो, व ऊस देणारा सभासद कारखान्यावर वजन ठेवू शकतो. कापसाचे तसे नाही. रुईची गठाण बांधली की ती महिनोन्महिने टिकते, आगगाडीत बसते, मुंबईस जाते, सातासमुद्रापार जाते. सरकी काढण्याचे काम वऱ्हाडात राहिले. सूत, कापड व त्यावरचा नफा बहुतांशी बाहेर गेला. त्यात पाण्याची वाण. त्यामुळे वऱ्हाडातील नव्या पुढाऱ्यापाशी कारखाना नव्हता. त्याच्यापाशी होती ती शाळा, बँक व सत्तेची जागा. १९७२ साली सरकारने एकाधिकार कापूस खरेदी योजना सुरू केली तेव्हा व्यापाऱ्याला बाजूस सारण्याचा मोठा प्रयोग झाला खरा. पुढे तो तोट्यात रुतला आणि या शतकाच्या आरंभी मावळला.

शाळेचेही रूप पालटले. १९८३ साली महाराष्ट्रात विनाअनुदान अभियांत्रिकी महाविद्यालयांस परवानगी मिळाली, आणि शिक्षणसंस्था ही राज्यात पुष्कळ ठिकाणी सेवेइतकीच मिळकतीची गोष्ट होऊन बसली. गरिबाच्या मुलाने वर चढावे म्हणून जी शिडी एका पिढीने लावली, तिच्या पहिल्या पायरीशीच दुसऱ्या पिढीने पैसे मोजून घ्यावेत, यास काय म्हणावे? सर्वच संस्था अशा नाहीत, हे आम्ही जाणतो. कित्येक खेड्यांत आजही चांगला शिक्षक तुटपुंज्या साधनांवर मुले घडवीत आहे. पण फीसाठी ज्या बापाने दोन एकर विकले त्याच्या दृष्टीने शामरावांच्या काळात व आपल्या काळात अंतर किती पडले, हे मोजून पाहण्यासारखे आहे. शामरावांचे गहाण एका पदवीने फिटले. आज पदवी हाती पडल्यावर नोकरी मिळेलच असे नाही.

आणि कर्ज? १९९० नंतरच्या दशकापासून अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा व वाशीम या जिल्ह्यांतील कोरडवाहू कापूस पिकविणाऱ्या शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी सारा देश हळहळला. २००६ च्या जुलैत पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले व या पाच जिल्ह्यांसह वर्धा जिल्ह्यास मदत जाहीर झाली. बँक होती, पण थकलेल्याला ती पुन्हा कर्ज देत नव्हती. मग तो बियाणे-खताच्या दुकानदाराकडे व विनापरवाना सावकाराकडे वळे. त्या सावकारांत आता शिकलेले होते, गावचे होते, नात्याचेही होते. १९३३ साली धनको व ऋणको यांच्या जाती, भाषा व पोशाख बहुधा निराळे असत, म्हणून त्यांतील झगडा ओळखणे सोपे होते. आता तो एकाच आळीत, कधी एकाच भावकीत चालतो, आणि म्हणून सभांतून त्याविषयी फारसे बोलले जात नाही.

२०१४ साली महाराष्ट्रात सावकारीचे नियमन करणारा नवा कायदा झाला. त्यात बेकायदा सावकारीतून बळकावलेली जमीन मूळ मालकास परत मिळण्याची तरतूद आहे. त्यासाठी शेतकऱ्याने सहकार खात्याच्या जिल्हा निबंधकाकडे अर्ज करावयाचा असतो. मग दोन्ही पक्षांस बोलावून कागद मागविले जातात, आणि समोरचे खरेदीखत हे खरोखरीची विक्री आहे की कर्जापोटी लिहून घेतलेले गहाण आहे, हे तपासले जाते. पंजाबरावांच्या तडजोड मंडळापुढे जे कागद उलगडले जात, त्याच जातीचे कागद अमरावती-अकोल्याच्या कचेऱ्यांत आजही उलगडले जात आहेत. मात्र त्यांवर आता बहुधा अंगठा नसतो, सही असते.